आणखी एक हात

माझ्या थोरल्या साडूंइतकी चित्रं अख्ख्या खानदेशात कोणी काढली नसतील, आणि त्यांच्याइतकी अपुरी चित्रंही कोणी मागे ठेवली नसतील, हे मी छातीठोकपणे सांगतो. चित्र झालं असं आपण म्हणावं, कौतुक करावं, चहाची कपबशी खाली ठेवावी, की यांनी डोळे बारीक करून 'जरा एक हात द्यायचा राहिलाय' म्हणत ब्रश उचललाच. एक हात म्हणजे रंगाचा आणखी एक थर. त्या एका हाताखाली मी डोंगर गडप झालेले पाहिले आहेत, भर पावसाळ्यात नद्या आटलेल्या पाहिल्या आहेत, आणि एकदा तर पगडी, उपरणं आणि झुबकेदार मिशा यांच्यासकट एक थोर गृहस्थ दिसेनासे झालेले पाहिले आहेत. ती हकीकत पुढे सांगतो, कारण तिच्यापायी साडूभाऊंची नोकरी गेली.

आमचे सासरे रावेरकडचे केळीचे बागाईतदार. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांना दोनच मुली. थोरलीला सारा गाव अक्का म्हणे. तिला धुळ्याला देवपुरात दिली, कारण तिथल्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवणारा, मुंबईच्या चित्रशाळेतून पदक घेऊन आलेला जावई आबांना सापडला होता. धाकटी माझ्या पदरात पडली. मी जळगावला एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, कारकून होतो. थोरला जावई हुशार आणि धाकटा कामाचा, असं मत आबांनी एकदा आम्हां दोघांसमोर बोलून दाखवलं. ते ऐकून आम्ही दोघेही खूश झालो होतो.

साडूभाऊंची आणि माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. अंतरपाटावर कुंकवानं स्वस्तिक काढायचं काम घरचे चित्रकार म्हणून त्यांच्याकडे दिलेलं होतं. मी पाटावर उभा, भटजी मंगलाष्टकांसाठी घसा साफ करून तयार, वऱ्हाडाच्या मुठीत अक्षता, आणि अंतरपाटाचा पत्ता नाही. शोधाशोध केल्यावर साडूभाऊ परसात सापडले. स्वस्तिक केव्हाच काढून झालं होतं. पण कुंकवाचा लाल त्यांना 'एकटा पडल्यासारखा' वाटला, म्हणून त्यांनी त्याच्या बाजूला ओली हळद दिली. हळदीत लाल पसरला, म्हणून त्याला अडवायला चुलीतली राख घेतली, आणि राख फार उदास दिसायला लागली म्हणून तिच्यावर पुन्हा हळद. मुहूर्त टळत आलेला पाहून आबांनी तो पट त्यांच्या हातातून हिसकला आणि तसाच ओला माझ्यासमोर धरायला लावला. शेवटचं 'सावधान' होईपर्यंत माझ्या पांढऱ्याशुभ्र कोटावर आणि नव्या धोतरावर लाल-पिवळे ओघळ उतरले होते. मी मान खाली घालून ते नुकसान बघतोय, तोच कानाशी कोणी हळूच म्हणालं, "हलू नका. पटापेक्षा कोटावर फार छान आलंय."

तो कोट ते मागून घेऊन गेले. वर्षभरानं परत आणून दिला, तेव्हा त्यावर आणखी चार थर चढले होते आणि खुंटी नसतानाही तो कोट स्वतःच्या बळावर उभा राहत होता.

हे वाचून कोणाला वाटेल की गृहस्थांना सरळ चित्र जमत नसावं. तसं बिलकूल नव्हतं. तरुणपणी त्यांनी धुळ्यातल्या निम्म्या प्रतिष्ठितांची चित्रं काढली होती, आणि तीही अशी हुबेहूब, की एका वकिलांचे पक्षकार बैठकीत येऊन भिंतीवरच्या चित्रालाच रामराम घालत, तिथेच आपली कैफियत सांगत, आणि वकीलसाहेब आत स्वस्थ जेवत बसत. हे हुबेहूबपण त्यांनी का सोडलं, असं मी त्यांना तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. पहिल्यांदा म्हणाले, तापीच्या काठाची दरड कोसळली होती, तिच्या पोटात गाळाचे थर दिसले, पिवळट, करडे, काळे, मध्येच एक तांबूस, "नदी इतकी वर्षं चित्र काढतेय आणि कोणाला दाखवतसुद्धा नाही, आणि मी वकिलांच्या मिशा काय कोरत बसलोय?" दुसऱ्यांदा म्हणाले, आबांच्या बागेत केळफूल सोलत होतो, वरचं जांभळं पान काढलं की खाली तांबडं, त्याच्या खाली गुलाबी, त्याच्या खाली पिवळट, "आणि भाजी व्हायची राहिली." तिसऱ्यांदा म्हणाले, डोळे दुखायला लागले होते. अक्काला विचारलं, तर ती निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "वकिलांच्या घरचा चहा ह्यांना आवडत नव्हता." मला हे चौथं कारण सर्वांत पटतं.

एकदा आकार सुटले, की उरले फक्त रंग, आणि रंगांच्या बाबतीत या माणसाला धरबंध नव्हता. दुकानातून आणलेल्या रंगांवर त्यांचा विश्वास नसे. "ते रंग डबीत झोपून आलेले असतात," असं त्यांचं म्हणणं. गेरू, काजळ, नीळ, केळीचा चीक, विटेचा चुरा, पळसाची फुलं, जे सापडेल ते घरात येई आणि खलात पडे. अक्का हळदीचा डबा कुलपात ठेवी, तरी तो रिकामा होई. त्या घरी जेवायला बसल्यावर वरण पांढरं दिसलं, की समजावं, सध्या चित्र पिवळं चाललंय. रंगांना नावंही त्यांची स्वतःची. लाल, हिरवा हे शब्द त्यांनी बहुतेक शाळेतच ठेवलेले असावेत. घरी बोलताना 'भाकरी करपायच्या जरा आधीचा', 'कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी होतं तो', 'जेठातल्या रस्त्याचा' असं चाले. एकदा एक काळपट हिरवा दाखवून मी विचारलं, "हा कोणता?" तर म्हणाले, "हा भुसावळला गाडी चुकल्यावरचा."

गाडी चुकणं हा तर त्यांचा स्थायीभाव होता. धुळ्याहून जळगावला यायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागे, आणि चाळीसगावच्या फलाटावर बघण्यासारखं काही ना काही असेच. एका दिवाळीला आम्ही पुरणाचे मांडे करून त्यांची वाट पाहत बसलो. अक्का आणि दोन्ही मुली वेळेवर आल्या; साडूभाऊ नाहीत. "फलाटावर मिरच्यांचं पोतं फाटलं होतं," अक्का म्हणाली. "मी हाक मारली, पण त्यांना ऐकू आलं नाही. आम्ही आलो निघून." इतक्या शांतपणे ती बोलली, की छत्री गाडीत राहिली असं एखाद्यानं सांगावं. साडूभाऊ दुसऱ्या दिवशी उगवले, डोळे मिरच्यांइतकेच लाल, शिंकांनी बेजार, आणि आल्याआल्या उंबऱ्यातूनच माझ्या बायकोला म्हणाले, "धाकटे, मिरची लाल नसते गं! आम्ही उगाच तिला लाल म्हणत आलो."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हांला एक चित्र भेट दिलं होतं. निळं होतं. पुढच्या खेपेला आले, जेवले, हात पुसता पुसता चित्राकडे बघितलं आणि पिशवीतून ब्रश काढला. चित्र तांबडं झालं. त्याच्या पुढच्या खेपेला करडं. शेजाऱ्यांची समजूत अशी, की जिनातल्या कारकुनाची काही वरकमाई असावी, दर सणाला नवं चित्र घेतो. शेवटी माझ्या बायकोनं उपाय काढला: भाऊजी येणार असं कळलं, की चित्र न्हाणीघरात नेऊन लपवायचं. साडूभाऊंनी चित्राची रिकामी जागा पाहिली आणि भिंतीलाच एक हात दिला.

शाळेत ते मुलांचे लाडके होते आणि हेडमास्तरांची डोकेदुखी. एकदा वांग्याच्या चित्राचा तास होता. भरिताचं चांगलं हातभर वांगं टेबलावर ठेवलेलं. पण वांग्याची साल सगळ्यांनाच दिसते, तिच्यात शिकवण्यासारखं काय आहे, असा विचार करून साडूभाऊंनी वर्गातच तुराट्यांचा जाळ केला आणि वांगं भाजायला घेतलं. हिरवं वांगं कसं तपकिरी होतं, मग काळं, आणि साल निघाल्यावर आत कसला रंग असतो, ते बघा आणि तोच कागदावर उतरवा, असा पाठ होता. नेमके त्या दिवशी शाळा तपासनीस आलेले. व्हरांड्यात धूर बघून हेडमास्तरांनी घंटा बडवली. सगळी शाळा मैदानात. तपासनीस नाकाला रुमाल लावून आत गेले, तर पंचवीस मुलं तल्लीन होऊन रंग कालवत होती आणि मास्तर वांगं सोलत होते. "हा कशाचा तास आहे?" त्यांनी विचारलं. "ड्रॉइंगचा," साडूभाऊ म्हणाले. "मीठ आहे साहेब, पण भाकरी मात्र घरून मागवावी लागेल." तपासनिसांनी दोन घास खाल्ले, हे मुलांनी पाहिलं. शेऱ्यात मात्र त्यांनी शिस्तीविषयी फार कडक लिहिलं.

त्यानंतर हेडमास्तरांनी साडूभाऊंना बोलावून घेतलं. शाळेचं वार्षिक संमेलन जवळ आलं होतं. दिवंगत संस्थापकांचं तैलचित्र सभागृहात लावायचं ठरलं होतं आणि पडदा दूर करायला जिल्ह्याचे बडे साहेब येणार होते. "मास्तर, हे चित्र नीट काढा, म्हणजे वांग्याचं प्रकरण मी विसरतो," हेडमास्तर म्हणाले. साडूभाऊंनी मान डोलावली आणि खरोखरच नीट काढलं. पंधरा दिवसांत संस्थापक असे अवतरले, की हेडमास्तरांनी नकळत उभं राहून कोटाची बटणं लावली. आणि मग त्यांनी चूक केली. समारंभाला चार दिवस होते, तेवढे दिवस चित्र साडूभाऊंच्याच खोलीत राहू दिलं.

समारंभाला मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. सभागृह गच्च भरलेलं. साहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला, बँडवाल्यांनी सूर धरला आणि सोडून दिला. चौकटीत संस्थापक नव्हते. खाली काळसर, मधे कुठेतरी आतून उजेड यावा तसा केशरी, वर विटकरी, आणि त्यावरून खरवडलेल्या रेघा. सुंदर होतं, हे मला आजही वाटतं. पण पगडी नव्हती. हेडमास्तर व्यासपीठावरूनच पुटपुटले, "मास्तर, संस्थापक कुठे आहेत?"

"आत आहेत," साडूभाऊ म्हणाले.

"आत म्हणजे?"

"तिसऱ्या थराखाली. परवापर्यंत वर होते. पण नुसत्या मिशा आणि पगडी घेऊन बसले होते. आयुष्यभर एवढं केलेला माणूस, त्याचं काहीच दिसत नव्हतं. म्हणून म्हटलं, एक हात द्यावा."

दुसऱ्या दिवशी त्यांना उद्यापासून यायची गरज नाही असं कळवण्यात आलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. पण घरात दोन मुली, आणि धुळ्यात कोणी त्यांच्याकडून चित्र काढून घ्यायला तयार नाही. आपला बाप कधी तिसऱ्या थराखाली जाईल याची प्रत्येकाला धास्ती. महिना-दीड महिन्यानं आबांनी आम्हां सर्वांना रावेरला बोलावून घेतलं. केळीच्या बागेत, विहिरीजवळ, आबा खाटेवर बसले होते. साडूभाऊ समोर मान खाली घालून उभे. एरवी त्यांच्या बोटांना स्वस्थ बसणं ठाऊक नसे. त्या दिवशी हात नुसते लोंबत होते.

"जावाईबापू," आबा म्हणाले, "मले तुमचं चित्र समजत नई. पन तुमी मानूस चांगले. पोरी मोठ्या होऊ रायल्या. इथं या, केळीचा माल पाहा. पोटाले काई कमी पडनार नई."

साडूभाऊ म्हणाले, "आबा, मी येईन. पण मी त्या केळीचा रंग बघत बसेन, आणि तुमचा माल पिकून जाईल."

आबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशांत लपवलं. तेवढ्यात विहिरीच्या काठावरून अक्का म्हणाली, "आबा, ह्यांची चित्रं अजून कोणी नीट पाहिलीच नाहीत. एकदा लोकांना पाहू द्या. मग ठरवा."

आबांनी लेकीकडे पाहिलं. तिनं आजवर त्यांच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. "ठीक," ते म्हणाले. "एक डाव दाखवा लोकाईले. चार दिवस. एकाही मानसानं 'हे मले पाहिजे' म्हनलं, तं तुमी रंगवत बसा, मी पाहून घेतो. नई तं रंग तापीत बुडवा अन् बागात या."

जागा मी दिली. उन्हाळ्यात जीन बंद असतं आणि गाठी ठेवायची लांबलचक शेड रिकामी. मालकांनी भिंतीला खिळा मारायचा नाही या अटीवर परवानगी दिली, म्हणून गाठी बांधायच्या दोऱ्यांवर आम्ही छत्तीस चित्रं टांगली. शेडमध्ये रुई उडत होती आणि यांचा शेवटचा हात अजून चाललेलाच, त्यामुळे ओल्या रंगावर कापूस चिकटत होता. मी हळहळलो. "राहू द्या," साडूभाऊ म्हणाले, "आयता पांढरा मिळतोय."

पहिल्या दिवशी अकरा माणसं आली. त्यांतली नऊ उन्हातून सावलीला आलेली, एक सरकीची पेंड आहे का विचारायला, आणि एक आमचाच हमाल. दुसऱ्या दिवशी गावातले एक शिकलेले गृहस्थ आले, चष्मा पुसून एका चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला यात काहीच दिसत नाही." साडूभाऊ त्यांच्या शेजारी उभे राहून तितक्याच गंभीरपणे बघू लागले आणि म्हणाले, "मलाही अजून कमी दिसतंय. एक हात हवा." तिसऱ्या दिवशी जादूचे प्रयोग आहेत अशा समजुतीनं बरीच गर्दी झाली आणि तशीच ओसरली. आबा रोज येत, मागे उरलेल्या एका जुन्या गाठीवर बसत आणि पान जमवत. साडूभाऊ हसत होते, पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं, तर ते ब्रश धुऊन, पुसून, एकेक करून कापडात गुंडाळून ठेवत होते.

चौथ्या दिवशी दुपारी पारोळ्याकडचे दोन चुलतभाऊ आले. एकाचं पागोटं पांढरं, दुसऱ्याचं लाल. शेतातल्या बांधावरून त्यांचा दावा चालू होता आणि तारीख पडल्यामुळे दोघं वेळ काढत वेगवेगळे फिरत होते. शेडमध्ये शिरल्यावर एकमेकांना पाहून दोघांनी तोंडं फिरवली, आणि फिरवलेली तोंडं नेमकी एकाच मोठ्या चित्राकडे वळली. काळसर, तपकिरी थरांचं चित्र, एका कडेला हिरवट ओघळ, वर करडा डाग, मधून तिरकी तांबूस रेघ.

पांढरं पागोटं पुढे सरकलं. "हाई ते मन्हं वावर शे!" त्याला त्यात चक्क आपलं शेत दिसलं होतं.

"तुन्हं कसं?" हिरवट ओघळाच्या अलीकडे बोट दाखवत लाल पागोटं उसळलं. "हाऊ नाला आठे शे. आठेंग मन्हं वावर शे."

"अन् हाऊ निंब? मन्हा बापनी लायेल शे!"

करड्या डागाचा निंब झालेला पाहून मी साडूभाऊंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की देवळात देव बोलावा आणि पुजाऱ्यानं ऐकावं. आता दोघे तांबूस रेघेपाशी आले होते. ती रेघ म्हणजे बांध, याबद्दल दोघांचं एकमत होतं. ती चार बोटं डावीकडे हवी की उजवीकडे, यावर आवाज चढले, पागोटी सैल झाली, बाहेरची माणसं धावत आत आली. शेड पहिल्यांदाच भरली.

"थांबा," साडूभाऊ म्हणाले. त्यांनी रंगाचा चाकू घेतला आणि त्या रेघेचा एक तुकडा हलकेच खरवडला. खालून काळी माती निघाली. अलीकडे तीच, पलीकडे तीच. "हे बघा. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा इथे बांध नव्हता. बांध मी फार नंतर घातला."

दोघं वाकून बघत राहिले. शेवटी पांढरं पागोटं खालच्या आवाजात म्हणालं, "आजाना येळले नव्हताच बांध."

"ते खरं शे," लाल पागोटं म्हणालं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मिटलं. तोच लाल पागोटं ताठ झालं: "पन मंग तो निंब मन्हा!" आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्यात आता नवीन भर पडली. चित्र मला पाहिजे, असं दोघेही ओरडू लागले. साडूभाऊ आनंदानं इतके विरघळले होते, की म्हणाले, "मधून कापून दोघांना देतो."

"कोठून कापशी?" दोघे एकदम गरजले.

इतका वेळ गाठीवर बसलेले आबा उठले. पानाची पिंक टाकून आले आणि चित्रापुढे उभे राहिले. "ज्याच्यावरून भाऊबंद भांडतात, ती खरी इस्टेट," ते म्हणाले. "जावाईबापू, तुमी रंगवा. केळी मी पाहून घेतो."

अक्का दाराशी उभी होती. तिनं पदर खोचला. वळून, गुंडाळून ठेवलेले ब्रश होते तिथे गेली आणि कापडाची गाठ सोडली.

ते चित्र त्या दोघांच्या गावातल्या मारुतीच्या सभामंडपात लागलं, कारण दुसऱ्या कुठल्याच जागेवर त्यांचं एकमत होईना. दावा चालूच राहिला. पण पुढे पुढे तारखेला दोघं एकाच बैलगाडीतून जात, असं कानावर आलं. चित्राचा त्यात काही संबंध नसावा. एकाचा बैल लंगडा झाला होता. शाळेनंही वर्षभरात साडूभाऊंना परत बोलावलं. मधल्या काळात तीन ड्रॉइंग मास्तर आले आणि धुळ्याचा उन्हाळा पाहून निघून गेले होते. संस्थापकांना पुन्हा हात लावायचा नाही, एवढीच अट होती. ती त्यांनी इतक्या तत्परतेनं मान्य केली, की हेडमास्तरांना जरा वाईटच वाटलं.

पुढे त्यांचं नाव थोडंफार झालं. मुंबईहून एक चित्रकलेचे जाणकार जळगावी कामाला आले होते, त्यांनी माझ्या घरातलं चित्र आणि भिंत दोन्ही पाहिलं आणि पत्र पाठवलं, की मुंबईतल्या प्रदर्शनासाठी पाच पूर्ण झालेली चित्रं पाठवा. साडूभाऊ पत्र घेऊन आठ दिवस हिंडत होते. 'पूर्ण झालेली' या शब्दांखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती. चित्रं गेली नाहीत. मी चिडलो, दोन पत्रं लिहिली, एकदा धुळ्याला जाऊन बोललोही. ते म्हणाले, "साडूभाऊ, तिकडे गेलं की चित्र भिंतीवर राहील आणि मी इकडे. मग मला मध्येच काही सुचलं तर?" मी पुढच्या गाडीनं जळगावला परत आलो.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. आजारपण चारच दिवसांचं. मुली सासरी नांदत होत्या; अक्का आमच्याकडे जळगावला राहायला आली. येताना एक पत्र्याची पेटी आणि गोधडीत गुंडाळलेलं एक चित्र, एवढंच तिच्यासोबत होतं. मी ते बैठकीतल्या भिंतीवर लावलं, जरा मागे सरून पाहिलं आणि बरं दिसतंय असं स्वतःशीच म्हटलं. अक्का स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "पाव्हणे, उलटं लावलंत."

मी चमकलो. विहिरीच्या काठावरचं ते आबांशी बोलणं सोडलं, तर इतक्या वर्षांत चित्राविषयी एक शब्दही मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. ती चित्रं इतकी बारकाईनं बघते, हे मला ठाऊक नव्हतं. मी चित्र फिरवून लावलं आणि विचारलं, "तुम्हांला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? रोज समोरच होते ना मी." तांब्या खाली ठेवून ती जवळ आली. बोट रंगाला न लावता, अगदी केसभर अंतरावरून ते फिरवू लागली. "हा वरचा करडा अलीकडचा. आमच्या थोरल्या लेकीचं बाळंतपण उरकून मी परत आले, त्या दुपारचा. ह्याच्या खाली गेरू आहे. त्या वर्षी पांझरेला पूर आला होता, घरात पाणी शिरलं. हे पेटीवर बसून रंगवत होते आणि मी चूल उचलून माळ्यावर नेत होते. त्याच्या खाली हिरवा. तो शाळेतून काढलं तेव्हाचा. मला वाटलं होतं आता काळा लावतील, तर हिरवा लावला. इथे, ह्या कोपऱ्यात, धाकट्या लेकीनं बोटं बुडवली होती. ती त्यांनी पुसली नाहीत, वरून पिवळा दिला. आहेत खाली."

मी त्या कोपऱ्याकडे टक लावून बघत राहिलो. मला नुसता करडा दिसत होता.

"आणि सगळ्यांत खाली?" मी विचारलं.

अक्काचं बोट थांबलं. महिनाभरात पहिल्यांदाच ती हसली, आणि ते हसू लपवायला तिनं पदर तोंडाशी नेला. त्या क्षणी ती साठीला टेकलेली बाई मुळीच वाटली नाही. "ते तुम्हांला कशाला सांगू?" म्हणाली आणि तांब्या उचलून आत निघून गेली.

आता तिलाही फार चालवत नाही. दुपारी ऊन भिंतीवर सरकत चित्रापर्यंत येतं, तेव्हा ती खुर्ची ओढून समोर बसते. कधी कधी मीही शेजारी जाऊन बसतो. मला करडा रंग दिसतो, त्यावरून सरकणारं ऊन दिसतं. ती किती खोलवर बघत असते, कोण जाणे.